हिग्ज बोसॉन : शोध एका सकाळचा, ओळख दहा वर्षांची

१/
४ जुलै २०१२. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचे सभागृह तुडुंब भरले होते. जागा मिळावी म्हणून अनेक तरुण संशोधकांनी रात्र दाराबाहेर काढली होती. सीएमएस प्रयोगाच्या वतीने जो इन्कॅन्डेला आणि अ‍ॅटलास प्रयोगाच्या वतीने फॅबिओला जियानोती यांनी आपापले आलेख दाखवले, आणि ८३ वर्षांचे पीटर हिग्ज डोळे पुसताना साऱ्या जगाने पाहिले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी हिग्ज बोसॉन सापडल्याचे मथळे दिले. सर्नचे निवेदन मात्र सावध होते. हिग्ज बोसॉनशी सुसंगत असा एक नवा कण आढळला आहे, एवढेच त्यात म्हटले होते. ‘सुसंगत’ या एका शब्दाचा पुढचा इतिहास या थ्रेडमध्ये.

२/
एखाद्या जुन्या दप्तरात विख्यात पुरुषाच्या नावाचे पत्र सापडले, तर इतिहास संशोधक ते लगेच अस्सल मानत नाही. कागद, शिक्का, अक्षराचे वळण, मायना, तिथी आणि त्याच काळातल्या इतर कागदांशी असलेला मेळ, हे सारे तपासले जाते. २०१२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती जो कण लागला, त्याचे वस्तुमान सुमारे १२५ जीईव्ही होते, म्हणजे प्रोटॉनच्या जवळजवळ १३३ पट. पण हिग्ज बोसॉनचे वस्तुमान किती असावे, हे सिद्धांताने सांगितलेलेच नव्हते. तेव्हा वस्तुमानावरून ओळख पटणे शक्य नव्हते. तो इतर कणांशी कसा वागतो, यावरूनच ती पटणार होती.

३/
या कहाणीचा आरंभ १९६४ चा. त्या वर्षी ब्रुसेल्सचे रॉबर्ट ब्राऊट व फ्रान्स्वा आंग्लेर, एडिंबरोचे पीटर हिग्ज, आणि गुराल्निक, हेगन व किबल हे त्रिकूट अशा तीन ठिकाणांहून स्वतंत्रपणे एकच कल्पना पुढे आली. अवघ्या विश्वात एक क्षेत्र पसरलेले आहे आणि त्या क्षेत्राशी असलेल्या बंधामुळे मूलकणांना वस्तुमान लाभते, अशी ती कल्पना. हिग्ज यांचा दुसरा लेख एका नियतकालिकाने नाकारला. तो दुसरीकडे पाठवताना त्यांनी काही मजकूर वाढवला आणि या क्षेत्राबरोबर एक नवा कणही असायला हवा, हे स्पष्टपणे नोंदवले. पुढे त्या कणाला त्यांचेच नाव मिळाले. ‘बोसॉन’ हा शब्द सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला आहे.

४/
१९६७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी हे क्षेत्र इलेक्ट्रॉनसारख्या पदार्थकणांशी जोडून दाखवले. त्यांच्या आणि अब्दुस सलाम यांच्या कामातून पुढे ‘स्टँडर्ड मॉडेल’ उभे राहिले. त्यातून एक कठोर नियम निघतो. जो पदार्थकण जितका जड, तितका हिग्जशी त्याचा बंध तीव्र, अगदी थेट प्रमाणात. डब्ल्यू व झेड या बलवाहक कणांसाठी हे प्रमाण वस्तुमानाच्या वर्गाचे आहे. या नियमात पळवाट नाही. एकदा कणाचे वस्तुमान कळले, की हिग्जशी त्याचा बंध किती असावा याचा आकडा ठरूनच जातो.

५/
या नियमाची व्याप्ती ध्यानात घ्यावी. सर्वांत जड ज्ञात मूलकण म्हणजे टॉप क्वार्क, सुमारे १७३ जीईव्हीचा. इलेक्ट्रॉन त्याच्या सुमारे ३ लाख ४० हजारांव्या भागाइतका. इतका फरक का असावा, याचे उत्तर सिद्धांताकडे नाही. तरीही या दोन्ही टोकांना एकाच सरळ रेषेवर बसवण्याचे धाडस तो करतो. त्यामुळे परीक्षा सोपी आणि निर्दय होती. प्रत्येक कणाचा बंध मोजावा आणि रेषेवर मांडावा. एक जरी बिंदू निश्चितपणे बाजूला पडला, तर सापडलेला कण ‘तो’ हिग्ज नव्हे, अथवा सिद्धांतच अपुरा.

६/
परीक्षेची वेळ येण्यासच जवळजवळ अर्धशतक लोटले. १९७६ मध्ये जॉन एलिस, मेरी गेयार व दिमित्री नानोपूलोस यांनी हा कण कसा ओळखावा, याचे पहिले विस्तृत वर्णन लिहिले. त्याच्या शेवटी त्यांनी प्रयोग करणाऱ्यांची क्षमा मागितली होती, कारण कणाचे वस्तुमान त्यांना सांगता येत नव्हते. मोठ्या शोधमोहिमांना उत्तेजन देण्याचा आपला हेतू नाही, असेही त्यांनी नम्रपणे म्हटले. मोहिमा तरीही निघाल्या. सर्नचा लेप कोलायडर २००० मध्ये बंद झाला. अमेरिकेतील महाकाय सुपरकोलायडरचे काम १९९३ मध्ये अर्ध्यातच रद्द झाले. शिकागोजवळचा टेव्हाट्रॉन २०११ मध्ये थांबला. उरला तो २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर.

७/
बंध मोजायचा म्हणजे नेमके काय करायचे? हिग्ज बोसॉन निर्माण झाल्यावर एका सेकंदाचा अब्जावा भागही टिकत नाही. त्याचे अपेक्षित आयुष्य सुमारे १० चा उणे २२ वा घात इतके सेकंद आहे. शोधयंत्रापर्यंत तो स्वतः कधीच पोहोचत नाही. पोहोचतात ते त्याच्या विघटनातून निघालेले कण. ज्या कणाशी बंध तीव्र, त्या कणांत तो अधिक वेळा मोडतो. म्हणून विघटनांची मोजदाद हेच बंध मोजण्याचे साधन. अडचण अशी, की प्रोटॉनांच्या सुमारे अब्जावधी टकरींमधून एखाददुसराच हिग्ज जन्माला येतो. त्याला शोधायचे ते उरलेल्या टकरींच्या ढिगाऱ्यात.

८/
१२५ जीईव्ही वस्तुमानाच्या हिग्जकडून सिद्धांताची अपेक्षा अशी होती. शंभरांतले सुमारे ५८ हिग्ज बॉटम क्वार्कच्या जोडीत मोडावेत, २१ डब्ल्यूच्या जोडीत, ८ ग्लुऑनमध्ये, ६ टाऊ कणांत, ३ चार्म क्वार्कमध्ये आणि ३ हून थोडे कमी झेडच्या जोडीत. दोन फोटॉनांमध्ये मोडणारे हजारात जेमतेम दोन. म्यूऑनच्या जोडीत मोडणारे दहा हजारांत दोन. ही यादी पाहिली तर हिग्जचा शोध बॉटम क्वार्कमधून लागला असावा, असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात नेमके उलट घडले.

९/
२०१२ चा शोध लागला तो मुख्यतः दोन दुर्मीळ वाटांनी. एक दोन फोटॉनांची, दुसरी दोन झेडमधून निघणाऱ्या चार हलक्या कणांची. त्या विरळ होत्या, पण स्वच्छ होत्या. फोटॉनची ऊर्जा अचूक मोजता येते, त्यामुळे आलेखावर १२५ च्या जागी छोटा उंचवटा उठून दिसला. दोन्ही प्रयोगांनी ५ सिग्माचा उंबरठा गाठला. याचा अर्थ असा, की कोणताही नवा कण नसताना केवळ योगायोगाने इतका मोठा उंचवटा उमटण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक होती. कण नवा होता, हे निश्चित झाले. तो कोण होता, हे अजून ठरायचे होते.

१०/
त्याच उन्हाळ्यात एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. दोन फोटॉनांच्या वाटेने आलेले हिग्ज अपेक्षेहून जास्त होते. सीएमएसच्या मोजणीत सुमारे १.६ पट, अ‍ॅटलासच्या मोजणीत सुमारे १.८ पट. हिग्ज फोटॉनांत मोडतो तो डब्ल्यू आणि टॉप यांच्या क्षणिक मध्यस्थीने. मग अज्ञात असा आणखी कोणी मध्यस्थ तर नसेल? या प्रश्नावर सिद्धांतकारांनी लेखांची रास रचली. पुढे अधिक टकरी मोजल्या गेल्या, मापन सुधारले आणि आधिक्य विरत गेले. २०१४ पर्यंत दोन्ही प्रयोगांचे आकडे १ च्या जवळ येऊन स्थिरावले. पुष्कळांची आशा मावळली. ज्यांनी ती मावळवली त्यांतल्या कित्येकांनी तीच आशा मनात बाळगलेली होती, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी तीच होती.

११/
साध्या मोजणीने किती मोठा निवाडा होऊ शकतो, याचे एक उदाहरण. निसर्गात पदार्थकणांच्या तीन पिढ्या ज्ञात आहेत. चौथीही असावी, असा तर्क कित्येक वर्षे चालू होता. कोलायडरमध्ये बहुतेक हिग्ज दोन ग्लुऑनांपासून, टॉप क्वार्कच्या मध्यस्थीने जन्मतात. चौथ्या पिढीचे दोन जड क्वार्क असते, तर मध्यस्थ एकाऐवजी तीन झाले असते. आणि निर्मितीचा दर मध्यस्थांच्या बेरजेच्या वर्गाने वाढत असल्याने हिग्ज सुमारे नऊपट जन्मले असते. तसे काही दिसले नाही. चौथ्या पिढीचे साधे, सरळ रूप २०१२ मध्येच निकालात निघाले. तिचे क्वार्क प्रत्यक्ष शोधावेही लागले नाहीत.

१२/
आता मोजणीतली गुंतागुंत. प्रयोगात मोजला जातो तो दोन गोष्टींचा गुणाकार: हिग्ज किती निर्माण झाले आणि त्यांतले किती विशिष्ट वाटेने मोडले. म्हणजे प्रत्येक आकड्यात किमान दोन बंध एकमेकांत गुरफटलेले असतात. ते सोडवायचे तर निर्मितीच्या निरनिराळ्या रीती आणि विघटनाच्या निरनिराळ्या वाटा यांच्या जोड्या मोजून अनेक समीकरणे एकत्र मांडावी लागतात. त्यासाठी सर्वमान्य परिभाषा ठरली. प्रत्येक बंधाला ‘कॅपा’ नावाचा गुणक द्यायचा. कॅपा १ आला, तर तो बंध सिद्धांताबरहुकूम. कमीअधिक आला, तर शंकेला जागा.

१३/
हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. २०१५ मध्ये अ‍ॅटलास व सीएमएस यांनी मिळून हिग्जचे वस्तुमान १२५.०९ जीईव्ही असे प्रसिद्ध केले. त्या एका लेखाला ५,१५४ लेखक होते. एरवी परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले हे दोन प्रयोग २०१६ मध्ये बंधांच्या मोजणीसाठीही एकत्र आले. हिग्ज टाऊ कणांत मोडतो, हे या एकत्रित मोजणीने ५.५ सिग्माने सिद्ध केले. या निष्कर्षाचे मोल मोठे होते. फोटॉन, डब्ल्यू आणि झेड हे बलांचे वाहक आहेत. टाऊ हा पदार्थकण. वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये मांडलेला पदार्थकणांचा बंध त्याच्या विघटनातून प्रथमच थेट व निर्विवाद दिसला.

१४/
बॉटम क्वार्क मात्र हुलकावणी देत राहिला. शंभरांतले ५८ हिग्ज या वाटेने जात असूनही ते दिसत नव्हते, कारण प्रोटॉनांच्या टकरींत बॉटम क्वार्कच्या जोड्या हिग्जवाचूनही निपजतात, आणि त्या हिग्जपासून आलेल्या जोड्यांच्या सुमारे एक कोटी पट असतात. जत्रेतल्या कोटीभर माणसांत एकाच माणसाचा आवाज ऐकू यावा, अशी ही अपेक्षा. कोलायडर सुरू होण्यापूर्वीच ही वाट अनेकांनी मनातून सोडून दिली होती.

१५/
२००८ मध्ये बटरवर्थ, डेव्हिसन, रुबिन आणि सलाम या चौघांनी (यांतले सलाम म्हणजे गॅव्हिन सलाम; अब्दुस सलाम नव्हेत) तिला पुन्हा जीवदान दिले. डब्ल्यू किंवा झेडच्या सोबतीने जन्मलेले आणि अतिशय वेगाने निसटणारे हिग्ज तेवढे निवडावेत, असे त्यांनी सुचवले. अशा टकरी थोड्या असतात, पण गोंगाट त्याहूनही कमी असतो. २०१८ च्या शोधात त्यांचे तंत्र जसेच्या तसे वापरले गेले नाही. मात्र डब्ल्यू-झेडची सोबत आणि वेगवान हिग्ज यांवरचा भर कायम राहिला.

१६/
२८ ऑगस्ट २०१८ रोजी दोन्ही प्रयोगांनी घोषणा केली. बॉटम क्वार्कमधील विघटन दिसले होते, अ‍ॅटलासला ५.४ सिग्माने आणि सीएमएसला ५.६ सिग्माने. हिग्जची सर्वांत नेहमीची सवय त्याच्या शोधानंतर सहा वर्षांनी सिद्ध झाली. या वेळी सभागृहाबाहेर रात्रभर रांगा लागल्या नव्हत्या आणि बहुतेक वृत्तपत्रांनी पहिले पान दिले नाही. तरीही ‘सुसंगत’ हा शब्द पुसून टाकण्याच्या कामात या दिवसाचा वाटा ४ जुलैहून फारसा कमी नाही.

१७/
त्याच वर्षीच्या जूनमध्ये टॉप क्वार्कचाही निकाल लागला होता. टॉप हिग्जहून जड असल्याने हिग्ज त्यात मोडू शकत नाही. मग बंध मोजायचा कसा? टॉपच्या जोडीबरोबरच हिग्ज जन्मलेला पाहायचा. अशी जन्मकथा शंभरांतल्या जेमतेम एका हिग्जची असते आणि तिच्यातून मागे राहणारा पसारा सर्वांत किचकट असतो. सीएमएसने ५.२ सिग्माने आणि अ‍ॅटलासने ६.३ सिग्माने हा बंध प्रत्यक्ष दाखवला. सर्वांत जड कणही रेषेवर बसला.

१८/
या इतिहासाला मराठी धागाही आहे. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात शिकलेल्या, मुंबई विद्यापीठात आणि पुढे बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केलेल्या प्रा. रोहिणी गोडबोले यांच्या संशोधनाचा एक भाग याच प्रश्नाभोवती होता. हिग्जचा बंध किती तीव्र आहे, एवढे पुरेसे नाही; आरशातल्या प्रतिमेशी आणि प्रतिद्रव्याशी तो कसा वागतो, हे टकरींतून कसे ओळखावे, याच्या पद्धती त्यांनी सहकाऱ्यांसह मांडल्या. टॉप क्वार्कच्या बंधाची अशी पहिली परीक्षा दोन्ही प्रयोगांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात गोडबोले यांचे निधन झाले. सीएमएसच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता, आणि कोलायडरची चुंबके ज्या जॅकवर तोलली आहेत ते सात हजारांहून अधिक जॅक भारताने पुरवलेले आहेत.

१९/
४ जुलै २०२२. शोधाच्या दहाव्या वर्धापनदिनी दोन्ही प्रयोगांनी आपला एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला. सर्व वाटांचा मेळ घालता हिग्जची एकूण प्रचिती सिद्धांताच्या किती पट? अ‍ॅटलासचे उत्तर १.०५, सीएमएसचे १.००२, आणि दोन्हींत अनिश्चितता सुमारे ६ टक्के. आडव्या अक्षावर वस्तुमान आणि उभ्या अक्षावर बंधाची तीव्रता मांडली, तेव्हा टॉप, झेड, डब्ल्यू, बॉटम, टाऊ आणि बऱ्याच मोठ्या अनिश्चिततेसह म्यूऑन हे सारे एका सरळ रेषेवर आले.

२०/
त्या रेषेच्या खालच्या टोकाकडे पाहणे आवश्यक आहे. म्यूऑनचा बंध २०२० मध्ये सीएमएसला ३ सिग्माने जाणवला, अ‍ॅटलासला ३.४ सिग्मापर्यंत पोहोचण्यास २०२५ उजाडले. हा पुरावा आहे, पण ५ सिग्मा अजून दूर. त्याखाली, जिथे इलेक्ट्रॉन, अप क्वार्क आणि डाऊन क्वार्क असायला हवेत, तिथे रेषा आहे, पण बिंदू नाहीत.

२१/
आणि माणूस, माती, पाणी, तारे हे सारे घडले आहे ते याच तीन कणांचे. पदार्थाचे बहुतांश वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या बलाच्या ऊर्जेतून येते, हे खरे. पण अणूचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरतो; ते शून्य असते, तर अणू बनलेच नसते. डाऊन क्वार्क अपहून किंचित जड आहे, म्हणून न्यूट्रॉन प्रोटॉनहून जड आहे आणि हायड्रोजन टिकून आहे. ज्या कणांशी हिग्जचा बंध आजवर सिद्ध झाला, त्यांतला एकही माणसाच्या शरीराचा घटक नाही. ज्यांचे शरीर बनले आहे, त्यांचा बंध अजून केवळ विश्वासाने मानलेला आहे.

२२/
हिग्ज स्वतःशीच कसा बांधला गेला आहे, हेही मोजायचे राहिले आहे. त्यासाठी एकाच टकरीत दोन हिग्ज जन्मावे लागतात आणि ते अत्यंत दुर्मीळ असते. २०३० च्या सुमारास सुरू होणाऱ्या अधिक प्रखर कोलायडरकडून ती आशा आहे. इलेक्ट्रॉनचा बंध तर त्याच्याही आवाक्याबाहेरचा मानला जातो. पीटर हिग्ज ८ एप्रिल २०२४ रोजी निवर्तले. रॉबर्ट ब्राऊट यांना तर २०१२ ची सकाळही पाहायला मिळाली नव्हती. ते २०११ मध्येच गेले. १९६४ च्या त्या काही पानांची पडताळणी पूर्ण करणारे कदाचित आज शाळेत असतील.

२३/
इतिहासाच्या पुस्तकात ४ जुलै २०१२ ही तारीख राहील, आणि ती राहायलाच हवी. तिच्या जोडीला जून २०१८, ऑगस्ट २०१८ आणि जुलै २०२२ याही तारखा लिहून ठेवाव्यात. हजारो माणसांनी आपल्या उमेदीची वर्षे ‘सारे अपेक्षेप्रमाणेच आहे’ एवढे एक वाक्य खात्रीने म्हणता यावे यासाठी वेचली. त्या वाक्याचा निम्मा भाग लिहून झाला आहे. उरलेला, ज्या कणांचे माणूस बनला आहे त्यांच्याविषयीचा, अजून कोरा आहे.

(समाप्त)